कड्यावरचा दुधाचा खळगा

मी दगड बोलतोय. कड्याजवळच्या कुरणातला, डोक्यावर वाटीएवढा खळगा असलेला. बोलावं की नाही, याचा फार दिवस विचार केला. कारण माझ्याविषयी जे सांगितलं जातं त्यातलं खरं किती, हे मलाच नीट ठाऊक नाही.

हा खळगा कोणी कोरला की पावसानं पाडला, तेही सांगता येणार नाही. मला आठवतं तेव्हापासून या बेटावरच्या बायका त्यात दूध ओतत आल्या. संध्याकाळी धारा काढून झाल्या की थोडं दूध माझ्यात. ते ग्रूगाखचं. ग्रूगाख म्हणजे गुरांची राखणदारीण. केस सोनेरी, पण कोणाला न दिसणारी. दूध मिळालं की ती गाईंना कड्यापासून लांब ठेवते. नाही मिळालं, तर कळपातली सगळ्यात चांगली गाय खाली समुद्राच्या खडकांवर सापडते.

मी मात्र तिला कधी पाहिलं नाही. मला दिसायचा तो कान फाटलेला एक बेवारशी कुत्रा. बायका वळल्या की तो यायचा, लपालपा दूध प्यायचा, मला चाटूनपुसून लख्ख करायचा आणि कड्याच्या काठाशी जाऊन पसरायचा. मला धडकी भरायची. तिचं दूध हा पितो, ती चिडली तर? आणि ती नसेलच, तर मग मी इथे कशासाठी बसलोय?

दूध ओतायला येणाऱ्या ओइरिक म्हातारीच्या शेजारच्या टोर्मोदनं एकदा कुत्र्याला पाहिलंच. म्हणाला, "ओइरिकबाई, तुमच्या ग्रूगाखला शेपूट आहे हो!"

"तुझ्या सासूलाही आहे," म्हातारी म्हणाली, "आम्ही कधी काही बोललो का?"

ओइरिक विधवा. मुलगा मासेमारीच्या बोटीवर. घरात सून सोर्खा, तिचं अशक्त तान्हं बाळ आणि ब्लारक नावाची एकुलती एक गाय. बाळ त्या गाईच्याच दुधावर तगलं होतं. सोर्खा ग्लासगोची, शहरात वाढलेली. ओइरिकचे गुडघे धरले आणि धारा सुनेकडे आल्या, तेव्हा ती एक दिवस माझ्यापाशी भांडं घेऊन थांबली.

"आई, माझं लेकरू दुधासाठी रडतंय आणि आपण दगडाला पाजायचं?"

"दगडाला नाही गं, राखणदारणीला."

"ती येऊन मागू दे, मग देईन."

म्हातारीनं तिला भांडं घेऊन घरी जाऊ दिलं. बाळाचं रडणं तिलाही ऐकवत नव्हतं.

माझा खळगा कोरडा पडला. कुत्रा काही दिवस आला, त्यानं मला हुंगलं, माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. मग तो टेकडीपलीकडे फिरू लागला. काठ मोकळा राहिला.

आणि एका दुपारी समुद्रावरून धुकं चढलं. ब्लारक घराकडे आली नाही. काठी टेकत ओइरिक तिला शोधायला निघाली. "ये गं ब्लारक, ये गं माझी बाय," असं म्हणत ती माझ्याजवळून गेली आणि तिचा आवाज सरळ कड्याच्या दिशेनं जाऊ लागला. तिच्या पायाखालून सुटलेले खडे खाली गडगडताना मला ऐकू येत होते. ओरडायला मला तोंड कुठे आहे!

तेवढ्यात सोर्खा धावत आली. बाळ शालीत बांधलेलं, हातात बाळासाठी राखून ठेवलेलं दूध. तिनं ते सगळंच्या सगळं माझ्यात ओतलं. खळगा भरून ओघळ खाली गवतात गेले.

"घे बाई, घे. माझी सासू परत दे. गाय नाही मिळाली तरी चालेल." मग बाळाकडे पाहून म्हणाली, "नाही, गाय पण दे."

धुक्यातून आधी फाटका कान आला. कुत्रा घटाघटा प्यायला. काठाकडून ओइरिकची हाक आली तशी त्यानं मान वर केली आणि भुंकत तिकडे नाहीसा झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. अखेर ब्लारकच्या पाठीवर हात ठेवून म्हातारी धुक्यातून बाहेर आली, मागे कुत्रा.

"आडवा आला मेला," ती धापा टाकत म्हणाली. "गाईलाही पुढे जाऊ देईना, मलाही."

सोर्खानं डोळे पुसले. "म्हणजे कुत्राच होता की, आई."

"कुत्राच तर. पण त्याला पाठवलं कोणी?"

"दुधाच्या वासानं आला तो."

"बरं, तसं," म्हातारी म्हणाली. "उद्या विसरू नकोस म्हणजे झालं."

सोर्खा विसरली नाही. स्वतः म्हातारी होईपर्यंत ओतत राहिली. एका कुत्र्यानंतर दुसरा येत गेला.

आता तिच्या घराला छप्पर नाही. माझ्या खळग्यात पावसाचं पाणी आणि शेवाळ. गुरं मात्र अजून इथेच चरतात, कोणाची ते मला माहीत नाही. काठाशी कोणी पसरलेलं दिसत नाही, आणि आज सकाळपासून समुद्र पांढुरका होत चाललाय.

इकडून जात असाल तर थोडं दूध ओता. ते कोण पितं, हे मला विचारू नका. फक्त धुकं चढायच्या आत ओता.