कप्पी नेताय, तर शीडही न्या

मी एक जुनी कप्पी आहे, आणि हे बोलत असताना माझ्यावरून गेलेल्या दोरीने एका बाईचा पाय ओढून धरला आहे.

मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगते. तुमच्या पुस्तकांतली घड्याळं आणि बसगाड्या आपली कहाणी सांगतात आणि शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणून हात जोडतात. माझी काळजी घ्यायला मला कोणी नको. मी शिसवीची आहे, अजून बराच काळ टिकेन. मला बोलायचं आहे ते दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाबद्दल.

आंजर्ल्याच्या खाडीकाठी काशीराम सुताराने मला घडवलं. मधे चाक, चाकात लोखंडी आस, दोन्ही बाजूंना जाड गाल. चाक फिरवून त्याने मला कानाशी धरलं. कुरकुर ऐकू आली नाही, तेव्हा कुठे तो हसला आणि म्हणाला, "जा, आता शिडाबरोबर जग."

लवू तांडेलाच्या मचव्यावर, डोलकाठीच्या टोकाला मला बांधलं. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य माणूस. खाली खलाशी दोरी ओढत, दोरी माझ्यावरून सरसर जाई आणि एवढं मोठं शीड आभाळात चढे. परत येताना कड्यावरचा गणपती सगळ्यांच्या आधी मला दिसायचा.

त्या मचव्यावर एक रीत होती. ती नीट ऐका, पुढे लागणार आहे. दोरीला हात घालण्याआधी विचारायचं. "ओढू?" असा आवाज द्यायचा. पलीकडून "ओढ" आलं, तरच ओढायचं. कारण दोरीच्या वाटेत दुसऱ्या कुणाचा हात असू शकतो, आणि माझ्या चाकात बोट सापडलं तर ते परत मिळत नाही. धाकू नावाचा खलाशी होता. अंगाने रेडा, तोंडाने मस्कऱ्या, पण विचारल्याशिवाय त्याने कधी दोरीला हात लावला नाही.

मग इंजिनं आली. तांडेलाचा मुलगा महिपत याने मचव्याला इंजिन बसवलं, काठी उतरवली. शीड घडी होऊन माळ्यावर गेलं आणि मी त्याच्या घडीत. काळोख, उंदीर आणि शिडाला येणारा जुन्या दर्याचा वास. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. पावसाळा तोंडावर आला आणि होड्या वर ओढायचे दिवस आले. म्हातारा तांडेल उगाच मदतीला गेला, शेवाळावर पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. मांडीचं हाड मोडलं की आजूबाजूचं मांस आकसतं आणि तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात. ती जागेवर राहावीत म्हणून पाय सतत ओढून धरावा लागतो. तांडेल इस्पितळात राहायला तयार होईना, म्हणून दापोलीहून आलेल्या डॉक्टरांनी घरीच व्यवस्था करायची ठरवली. पायाला चिकटपट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी कप्पीवरून आणि टोकाला वजन.

"कप्पी कुठून आणायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"माळ्यावर हाय," तांडेल कण्हत म्हणाला. "माझीच हाय."

खाटेच्या पायथ्याशी लाकडी चौकट ठोकून मला तिच्यावर बसवलं. गोणपाटाच्या पिशवीत जांभ्या दगडाचे तुकडे भरून ती टांगली. जाताना डॉक्टर म्हणाले, "वजन काढायचं नाही. पाणी भरपूर पाजा. आणि खाट त्यांना बरं वाटेल तिथे ठेवा." पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. दुसरं निम्मं. तिसरं कुणाच्या कानातच गेलं नाही.

खाट पडवीत ठेवली. आजारी माणसाला बघायला लोक येणार, त्यांना बसायला जागा हवी, म्हणून.

आणि लोक आले. अहो, नुसते आले नाहीत, राहायलाच आल्यासारखे आले! पावसाळ्यात होड्या बंद, खलाशी रिकामे. त्यात मुंबईत गिरण्यांचा संप, गिरणीतले लोक गावी परतलेले. तांडेलाच्या पडवीत पावसाला माडाच्या झापांचा आडोसा होता आणि आतून चहा येत होता. सकाळपासून पानतंबाखू सुरू. ओल्या छत्र्या कुठे टांगायच्या? माझ्या दोरीला. छत्रीचं पाणी टपटप तांडेलाच्या पावलावर.

"काय तांडेल, आता वारा आला की चालाल! पायाला शीड लावलंय तुमच्या," एक जण म्हणे.

"जास्त ओढू नका रे, पाय दाराबाहेर जाईल," दुसरा म्हणे.

पडवी हसे. तांडेलही पहिले काही दिवस हसला.

मग धाकूने जाळं आणलं. पावसाळा म्हणजे जाळी विणायचे, सांधायचे दिवस. जाळं ताणायला एक टोक कुठेतरी भक्कम बांधावं लागतं. धाकूने ते खाटेच्या चौकटीला बांधलं. माझ्या चौकटीला!

"खाट हालायची नाय," तो म्हणाला. "वर तांडेल हाय."

जाळ्याला हिसका बसला की चौकटीला बसे, चौकटीला बसला की दोरीला, आणि दोरीला बसला की मोडक्या हाडाला. मला तो हिसका कळायचा, कारण तो माझ्या अंगावरूनच जायचा. तांडेलाचे डोळे मिटायचे, मुठी वळायच्या. मी सैल कशी होऊ? मला बांधलेलं. तो कसा उठेल? त्याला बांधलेलं. वर पसरलेलं जाळं. आयुष्यभर ज्याने मासे धरले, तो त्याच जाळ्याखाली डोळे उघडे ठेवून पडला होता.

आणि कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, बरं का. त्याच्या डोक्यावरून बोलत. "महिपत, आबा जेवला काय रे?" "झोप लागते काय त्याला?" अरे, तो समोर पडलाय, त्याला विचारा ना! पाय मोडलाय त्याचा, जीभ नाही.

एकदा त्याने महिपतला सांगितलं, "मला माजघरात ने."

"आत काळोख हाय, आबा. इथं माणसं येतात, तुमचं मन रमतं."

"कोणाचं मन रमतं?"

महिपत उत्तर देण्याआधीच धाकू म्हणाला, "आजाऱ्याची चिडचिड असतेच. मनावर नको घेऊ."

आता सगळ्यात वाईट ते सांगते. लाजू नका, मीही लाजत नाही. खाटेला बांधलेल्या माणसाला लघवीला जायचं तर भांडं लागतं. भांडं द्यायला एकच माणूस, राही नावाची त्याची बायको. आणि राही चुलीपाशी, पाहुण्यांच्या चहात अडकलेली. हाक मारावी तर पडवीभर माणसं माना वळवणार. ती आली तरी कुणी उठत नसे. फार तर तोंड फिरवत, आणि तेवढ्यात एखादा हळूच खोके.

तांडेलाने त्यावर उपाय काढला. त्याने पाणी पिणं सोडलं.

"अवो, घोटभर तरी घ्या," राही म्हणे.

"तहान नाय."

ओठ फुटले. लघवीला आग होऊ लागली. ताप चढला. महिपत म्हणाला, औषध लागू पडत नाही. कोणाला काही कळलं नाही. राहीला कळलं होतं, पण चहाचं आधण उतू जात होतं.

आठवड्यातून एकदा रावजी कंपाउंडर पट्ट्या बदलायला यायचा. त्या दिवशी तो आला तेव्हा पडवी गच्च भरली होती. आल्या आल्या त्याने तांडेलाचं पांघरूण उचलून बाजूला टाकलं.

"रावजी, जरा थांब," तांडेल म्हणाला.

"थांबून कसं चालेल? मला अजून घरं करायची हायत." त्याने पट्टी धरली आणि केसांसकट ओढली.

"दुखतंय रे!"

"दुखत नाय. म्हाताऱ्यांना उगाच वाटतं."

पडवी हसली. त्याच वेळी धाकूने जाळ्याला हिसका दिला.

खाटेच्या कडेला धाकूची सुरी पडली होती, जाळ्याचा दोरा कापायची. तांडेलाने हात लांब केला आणि ती उचलली. पाठ उचलून तो पुढे वाकला. कसा वाकला, मला अजून कळत नाही. तोंडातून तोच आवाज निघाला, जो मी वादळात ऐकला होता.

"शीड खाली!"

आणि दोरी कापली.

दगडांची पिशवी धाडकन आदळली. कोंबड्या फडफडत अंगणात पळाल्या. माझं चाक मोकळं फिरलं आणि थांबलं.

"आबा, काय केलंत हे!" महिपत ओरडला. "पाय आखूड होईल!"

"होऊ दे. माझा हाय." वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत. "धाकू, माझ्या मचव्यावर कधी न विचारता दोरीला हात घातलास?"

"नाय, तांडेल."

"घातला असतास तर?"

"बोट गेलं असतं."

"कोणाचं?"

धाकूने मान खाली घातली. "दुसऱ्याचं."

"मग माझ्या पायाची दोरी तुम्ही सगळे कशी ओढता रे? एकाने विचारलं? हात लावू, उघडू, बांधू, बसू? मी मेलोय काय?" त्याला धाप लागली. "वजन बांधायचं तर बांधा. मला बरं व्हायचं हाय. पण आधी मला पाणी प्यायचंय."

"मग पी ना, तांडेल. कोण नको म्हणतंय?" धाकू खरंच गोंधळला होता.

राही चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ते ताट जमिनीवर ठेवलं. आदळलंच म्हणा.

"पाणी पितील," ती म्हणाली, "आणि मग भांडं कुठं मागतील? तुमच्या मांडीवर?"

मित्रांनो, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. एकेक जण उठला. एकेकाने आपली छत्री घेतली. धाकूने जाळ्याची गाठ सोडली, जाळं खांद्यावर टाकलं आणि जाताना, मचव्याबाहेर जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात विचारलं, "उद्या येऊ?"

"चार दिवसांनी ये," तांडेल म्हणाला.

महिपतने नवी दोरी घातली. पण आधी विचारलं, "बांधू?" आणि "बांध" येईपर्यंत थांबला. मग माळ्यावर चढून त्याने ते जुनं शीड खाली काढलं आणि वाशांना बांधून खाटेभोवती सोडलं. खाट पडवीतच राहिली. आता तांडेलालाच हलायचं नव्हतं; हवं तेव्हा शीड सारून त्याला पाऊस दिसायचा. त्या दिवशी तो तांब्याभर पाणी प्यायला. पुन्हा मागून प्यायला. ताप आठवडाभरात उतरला.

पुढच्या खेपेला रावजी आला तेव्हा राहीने त्याला शिडाबाहेर उभं केलं. "विचार," म्हणाली.

"तांडेल, पट्टी बदलू?" रावजी चिडूनच बोलला.

"नको."

रावजी थांबला. बाहेर पावसाचा आवाज. शिडाच्या आत तांडेल छताकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर असं हसू होतं, जसं कड्यावरचा गणपती दिसल्यावर यायचं. त्याचं 'नको' दोरीसारखं पलीकडे पोचलं होतं आणि त्यामुळे एक माणूस थांबला होता.

"विचार परत," तो म्हणाला.

"बदलू?"

"बदल. पाणी लावून, सावकाश."

हाड जुळलं. पाय बोटभर आखूड राहिला. कोणी म्हणालं, दोरी कापली म्हणून. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात तसं होतंच. तांडेल लंगडत बंदरावर जायचा आणि कोणाचंही काही ऐकून घ्यायचा नाही.

तेव्हापासून गावात कुणाचं हाड मोडलं की मला न्यायला येतात. तांडेल प्रत्येकाला एकच सांगायचा, "कप्पी नेताय, तर शीडही न्या." मोहल्ल्यात गफूरच्या आईसाठी, जन्नतबीसाठी, मला नेलं तेव्हा गफूरने आधी शीड बांधलं आणि मग मला. आईला विचारल्याशिवाय तो दोरीकडे बघतही नसे. असंही घर असतं.

गेल्या वर्षी तांडेल वारला. न्यायला येणाऱ्यांना आता महिपत शीड देतो, पण तो स्वभावाने मऊ. नुसतं देतो, बजावत नाही.

आता मी रघूच्या घरी आहे. त्याची बायको सखू हंडा घेऊन पाखाडीच्या पायऱ्यांवरून घसरली. तरणीताठी बाई, खाटेला बांधलेली, भर पडवीत. शीड आणलं होतं. सासू म्हणाली, "घरच्याघरी कसला आडोसा? आपल्यात कोण लाजायचं?" शीड माळ्यावर गेलं. महिपतने घडीवर बांधलेली गाठसुद्धा कोणी सोडली नाही. सखूला कोणी विचारलं नाही.

मी लाकूड आहे. मला 'थांबा' म्हणता येत नाही. सखूला येतं, पण ती म्हणत नाही, कारण ती सून आहे. म्हणून तुम्हाला सांगते. उपचार घरात चालले, म्हणून आजारी माणूस घरातल्यांच्या मालकीचा होत नाही. त्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारा. पांघरूण काढण्याआधी विचारा. त्याच्याबद्दल त्याच्याशी बोला. तो दुखतंय म्हणाला तर दुखतंय. तो नको म्हणाला तर थांबा. आणि त्याने पाणी पिणं सोडलं तर औषधाची बाटली नंतर हलवा, आधी पडवीकडे बघा.

आत्ता माझ्या दोरीला दोन ओल्या छत्र्या टांगलेल्या आहेत. चौघीजणी बसल्या आहेत, चहा येतो आहे. सखूच्या उशाशी पाण्याचा तांब्या आहे. सकाळी भरला तसाच काठोकाठ.