मधला खांब

ऑगस्टमध्ये इलारिया कायो यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पृथ्वी गोल आहे की नाही ते पाहणे.’

उयुनीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

“बाई, तुम्ही सव्वीस वर्षं भूगोल शिकवताय.”

“हो.”

“पृथ्वी गोलच आहे ना?”

“पुस्तकात तसं आहे.”

“मग?”

“मी मोजलेली नाही.”

मुख्याध्यापकांनी अर्ज परत बाईंकडे सरकवला. “‘घरगुती काम’ लिहा. वरून कुणी विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे.”

बाईंनी ‘घरगुती काम’ लिहिलं. पृथ्वीच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं.

या सगळ्याची सुरुवात एका पत्राने झाली होती. पत्र लिहिणारे डॉक्टर वाल्तेर आन्तेसाना हे कोचाबांबाचे निवृत्त दंतवैद्य. दर गुरुवारी त्यांच्या जुन्या दवाखान्यात एक मंडळ भरायचं. सभासद अकरा, मत एकच: पृथ्वी सपाट आहे आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय. डॉक्टरांनी ठरवलं की याचा निकाल सालारवर, म्हणजे उयुनीजवळच्या मिठाच्या मैदानावर, लावायचा. दहा हजार चौरस किलोमीटर मीठ, मध्ये ना झाड ना खड्डा. याहून सपाट जागा मिळायची नाही. पण माणूस न्यायाचा. साक्षीदार विरुद्ध बाजूचा हवा, असा त्यांचा आग्रह. त्यांनी विद्यापीठांना आणि वेधशाळांना चौदा पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही. पंधरावं पत्र ‘भूगोल शिक्षक, उयुनी’ एवढ्याच पत्त्यावर आलं.

खोडून काढायला दोन ओळी पुरतील म्हणून बाई लिहायला बसल्या आणि अडकल्या. कुठलंही वाक्य लिहायला घेतलं की ‘पुस्तकात’ या शब्दाने सुरू होई. फोटो दुसऱ्यांनी काढलेले, मापं दुसऱ्यांनी घेतलेली. डॉक्टरांचंही ऐकीव आणि आपलंही ऐकीव. फक्त आपलं ऐकीव बरोबर आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘येते. गरम कपडे आणा.’

कोल्चानी गावातून जीप निघाली तेव्हा उजाडायचं होतं. ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळाच. गाडी हाकणारा सेवेरो लुपा तीस वर्षं सालारवर जीप चालवत होता आणि त्याच्या गालात तितकीच वर्षं कोकाची पानं होती. मागच्या सीटवर दुर्बीण, तिची तिकटी, तीन लोखंडी पाइप, नारिंगी रंगाच्या तीन तबकड्या आणि एक लाल बादली. डॉक्टर उंच, काटकुळे, कानटोपीत. थंडीने त्यांचे दात वाजत होते. पण दात उत्तम होते.

पहिला प्रयोग बादलीचा. सेवेरोने ती आपल्या अंदाजाने बारा किलोमीटर पुढे मिठावर पालथी ठेवली आणि तो परत आला. पृथ्वी गोल असेल तर दीड मीटर उंचीवरून ती दिसता कामा नये, फुगवट्याआड किमान चार मीटर खाली जायला हवी, असं बाईंनी वहीत मांडून ठेवलं होतं. सूर्य नुकताच वर येत होता. डॉक्टरांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“बघा, बाई.”

बाईंनी पाहिलं. बादली होती. जरा लांबुडकी, मेणबत्तीसारखी ताणलेली. पण लाल आणि हजर.

“दिसते?”

“दिसते.”

“लिहून द्याल?”

बाईंनी लिहून दिलं. सही करताना सव्वीस वर्षांतली पोरं एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागली. त्यातला एक तर आता विमान चालवत होता.

पण बाई जागच्या हलल्या नाहीत. दुपारी मीठ तापल्यावर त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करायला लावला. या खेपेला सेवेरो बादली घेऊन जीपने हळूहळू लांब जात राहिला आणि अंदाजाने दर अर्ध्या किलोमीटरवर थांबून ती खाली ठेवत गेला. तीन किलोमीटरवर बादली गेली. जीपची चाकंही गेली. नुसता वरचा अर्धा भाग पाण्यावर तरंगत होता आणि पाणी तर तिथे नव्हतंच.

“आता तुम्ही सही करा,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आधी आकडेमोड मागितली. बाईंनी वही पुढे केली. दोघं गुडघ्यांवर बसून हिशेब तपासू लागले. दोनदा केला, उत्तर एकच.

“बादली इतक्या जवळ बुडते, म्हणजे या हिशेबाने पृथ्वी चंद्रापेक्षाही लहान,” डॉक्टर म्हणाले.

“हो.”

“तुम्हाला हे मान्य आहे?”

“मला नाही. आणि तुम्हाला सकाळचं?”

डॉक्टरांनी वही मिटली. सकाळी सपाट आणि दुपारी चंद्राहून लहान, अशी वस्तू कुणालाच पटण्यासारखी नव्हती.

सेवेरो बादली घेऊन परतला. त्याने दोघांचे चेहरे पाहिले. “सकाळी डोंगर उंच होतात, दुपारी त्यांचे पाय तुटतात. हे तर रोजचंच आहे. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“आधी का नाही सांगितलंस, उस्ताद?” डॉक्टरांनी विचारलं.

“विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही बादलीसाठी आलाय.”

मिठालगतची हवाच नजर वाकवते, हे बाईंच्या ध्यानात आलं. गार असली की एकीकडे, तापली की दुसरीकडे. मग जमिनीला चिकटून बघायचंच कशाला? वर चढायचं, आणि वारा सुटून हवा ढवळली गेली की मगच पाहायचं. डॉक्टरांना हे पटलं. त्यांनी सकाळचा कागद काढून स्वतःच्या हाताने फाडला आणि तुकडे खिशात ठेवले. सालारवर कचरा टाकत नाहीत.

संध्याकाळी सेवेरोच्या बहिणीकडे किन्वाचं सूप आणि लामा या लोकरी जनावराचं वाळवलेलं मांस जेवताना बाईंनी विचारलं, “डॉक्टर, तुम्ही शिकलेले. या भानगडीत कसे पडलात?”

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. “आम्हाला शिकवलं होतं, अक्कलदाढ दुखत नसली तरी काढायची. पुढे त्रास देते म्हणून. तीस वर्षं काढल्या. लोक घाबरायचे, मी म्हणायचो, विज्ञान सांगतंय. मग एक दिवस नवं पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, दुखत नसेल तर राहू द्या.” त्यांनी सूप ढवळलं. “पुस्तकाने मत बदललं. लोकांचे दात काही परत आले नाहीत.”

“म्हणून पृथ्वी सपाट?”

“म्हणून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही असं ठरवलं. सपाट दिसते म्हणून सपाट.”

बाईंना यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण त्यांच्या स्वतःच्या दोन दाढा अशाच गेल्या होत्या, म्हणून त्यांनी फक्त सूप वाढलं.

दुसरा दिवस दोर ओढण्यात गेला. योजना साधी होती: तीन खांब, तिन्हींच्या तबकड्या मिठापासून बरोबर तीन मीटरवर, पहिल्यापासून दुसरा पाच किलोमीटर आणि दुसऱ्यापासून तिसरा पाच. पहिल्या तबकडीच्या उंचीवरून पाहायचं. जमीन सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत दिसणार. गोल असेल तर मधली वर उचललेली दिसणार. दोन मीटरला जरा कमी, असं बाईंनी आधीच लिहून तारखेसह सही केली. अंतर मोजायला उपग्रहाचं यंत्र डॉक्टरांना चालेना, कारण उपग्रहच त्यांना मान्य नव्हते. जीपचा किलोमीटरचा काटा चार वर्षांपूर्वी मेला होता, आणि सेवेरोचा अंदाज आता पुरणार नव्हता. तेव्हा शंभर मीटरचा दोर, शंभर वेळा. आंब्याच्या दिवसात आंबे मोजावेत तसा सेवेरो मोठ्याने आकडे म्हणत होता, आणि साठाच्या पुढे एकदा चुकला तेव्हा डॉक्टरांनी पन्नासपासून पुन्हा मोजायला लावलं.

पहिला खांब रोवण्याआधी सेवेरोने पहारीने फोडलेल्या भोकात थोडी दारू ओतली, तीन कोकाची पानं टाकली. पाचामामाचा, म्हणजे धरतीमातेचा, महिना होता. तिच्या अंगात लोखंड खुपसायचं तर आधी विचारायला हवं. बाईंनीही ओतली. डॉक्टर अवघडून उभे होते. मग त्यांनी बाटली घेतली.

“उस्ताद, तुझ्या मते पाचामामाचा आकार कसा?”

“बाईमाणसाला असं विचारत नाहीत, डॉक्टर.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला वारा सुटला. पहिल्या खांबाजवळ त्यांनी कोल्चानीहून आणलेल्या मिठाच्या विटांचा दीड मीटर उंच ओटा रचला होता. बाई त्यावर चढल्या. दुर्बीण पहिल्या तबकडीच्या बरोबरीने लावली. थोडा वेळ नुसतं पांढरं दिसलं. मग एक नारिंगी ठिपका, आणि त्याच्या पलीकडे, निम्म्या आकाराचा, दुसरा.

मोठा ठिपका वर होता. थोडाथोडका नाही, मध्ये आणखी दोन तबकड्या मावतील इतका.

बाईंना काहीतरी झालं. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, हजारभर पोरांना त्यांनी ते पाठ करायला लावलं होतं. आपण एका प्रचंड वस्तूच्या पाठीवर उभे आहोत, हे मात्र पहिल्यांदाच अंगाला कळलं. त्या खाली उतरल्या.

डॉक्टर चढले. पाच मिनिटं पाहिलं.

“मधला खांब लांब आहे,” ते म्हणाले.

सगळे जीपमध्ये बसून पाच किलोमीटर गेले. फीत लावली, ओळंबा लावला. तीन मीटर. परत आले, डॉक्टर पुन्हा चढले.

“मग तिथे मिठाला उंचवटा आहे.”

“दोन मीटरचा?” सेवेरो म्हणाला. “तीस वर्षं जातोय त्यावरून. गिअर बदलावा लागला नाही कधी.”

“सावकाश चढ असेल.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “उंचवटा असेल तर तो तिथेच राहील ना?”

“राहील.”

“मग मधला आणि शेवटचा खांब जागचे हलवायचे नाहीत. पहिला उपटून शेवटच्याच्या पुढे पाच किलोमीटरवर रोवू. आणि आपण मधल्याजवळ जाऊन तिथून बघू. आत्ता जो शेवटचा खाली दिसतोय तो मग मधला होईल. तुमचा उंचवटा खरा असेल तर तो खालीच दिसायला हवा.”

डॉक्टरांनी विचार केला. प्रामाणिक माणसाला पळवाट दिसली नाही की तो तसं सांगतो. “बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि विटा उचलायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस, पण एकही वीट त्यांनी बाईंना उचलू दिली नाही. पुन्हा ओटा, पुन्हा दोर, पन्नास वेळा. सगळं जागेवर बसलं तेव्हा सूर्य थुनुपा डोंगराकडे कलला होता आणि बोटं दुर्बिणीच्या थंड लोखंडाला चिकटत होती.

यावेळी डॉक्टर आधी चढले. बाई खाली उभ्या राहिल्या. त्यांना डॉक्टरांचे फक्त बूट दिसत होते. बूट बराच वेळ हलले नाहीत.

“उंचवटा आपल्या मागोमाग आला,” डॉक्टर वरून म्हणाले.

मग त्यांनी बाईंकडून वही मागून घेतली, ओट्यावर बसल्या बसल्याच आकडा लिहिला आणि सही केली. एक मीटर सत्तर. बाईंनी आधी लिहिलेल्यापेक्षा थोडा कमी. तो फरक हवेने खाल्ला, हेही त्यांनी विचारून घेऊन खाली नोंदवलं. परतीच्या वाटेवर कोल्चानीजवळ डॉक्टर एवढंच म्हणाले, “मी गोल म्हणत नाहीये. मधला खांब वर होता, इतकंच म्हणतोय.”

“तेवढंच लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, “काम झालं?”

“झालं. गोल आहे.”

“ते पुस्तकात आहेच की.”

“हो. पुस्तक बरोबर निघालं.”

मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर सही घेतली.

ऑक्टोबरमध्ये कोचाबांबाहून पत्र आलं. डॉक्टरांनी वहीतल्या नोंदीची नक्कल गुरुवारच्या सभेत जशीच्या तशी वाचली होती. एकाने हरकत घेतली की साक्षीदार बाई सरकारी पगार घेते. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीला डोळा माझाही होता आणि मला सरकार काही देत नाही. मग मतदान झालं. सात विरुद्ध चार मतांनी मधला खांब दप्तरी न घेण्याचं ठरलं. ‘आम्ही चौघं आता मंगळवारी भेटतो,’ डॉक्टरांनी लिहिलं होतं. ‘दोघं गोल म्हणतात, एक अंडाकृती म्हणतो. मी पंधरा किलोमीटर पाहिलंय. उरलेलं पाहिलेलं नाही, त्यामुळे माझं मत राखून ठेवलंय. पण सपाट असं म्हणणं मी थांबवलंय. दवाखान्यावरची मंडळाची पाटीही उतरवली. भिंतीवर तिथे फिकट चौकोन राहिलाय, तो रंगवून घ्यायचाय.’

खाली आणखी एक ओळ होती. टिटिकाका सरोवरावर तीस किलोमीटर मोकळं पाणी मिळतं, बाईंना सुट्टी केव्हा असते?

बाईंनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. थंडीची सुट्टी जुलैत, तीन आठवडे. रजेच्या अर्जाची गरज नाही.