अठ्ठावन्नवं झाड

“भगवंता, झाडं मोजून राहिला का आंघोळ घालून राहिला बे?” बांधावरून पंजाबराव ओरडले.

बाबा उठले नाहीत. गुडघ्यांवर बसून ते एका संत्र्याच्या खोडाची साल नखाने खरवडत होते. मागे चुन्याचा डबा घेऊन मी आणि माझ्या मागे पार्बताबाई. बाग तिची होती.

दोन हजार चार सालची गोष्ट. पाण्यावाचून मोर्शीकडच्या कितीतरी बागा सरपण झाल्या होत्या. पार्बताबाईची हिरवी राहिली, पण तिच्यात डिंक्या शिरला. या रोगात खोडातून डिंक गळतो आणि झाड वाळतं. तिच्या बागेतलं पाणी उताराने पंजाबरावांच्या बागेत जाई. म्हणून तिची एकशेचाळीस झाडं सरसकट उपटावीत, असं त्यांचं म्हणणं. निवाडा बाबांवर आला. बाबा पंजाबरावांचे शाळासोबती. चौतीस वर्षं लंडनला सरकारी नोकरी करून, शेती खात्यातले मोठे साहेब म्हणून निवृत्त होऊन परतलेले. ते लिहून देतील ते दोघांनी मानायचं.

“घरी बसून लिवलं असतं तरी चाललं असतं, सायेब,” पार्बताबाई म्हणाली. “काय लिवसान ते मले मालूम हाये.”

“घरी बसून एकदा लिहिलंय,” बाबा म्हणाले.

मी अमरावतीला मावशीकडे वाढले; बाबांची ओळख मला पत्रांतून. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात तिकडे गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. एका गोठ्यात रोग सापडला की शेजारच्या गोठ्यांतली गुरंही मारायची, असा नियम होता. बाबा नकाशा बघून सह्या करत. त्यातली निरोगी किती, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या वर्षीच्या पत्रांतलं अक्षर मला ओळखू येत नसे.

संध्याकाळपर्यंत तेवीस झाडांवर चुन्याची फुली पडली. अठ्ठावन्नव्यापाशी ते अर्धा तास बसले. डिंक होता, पण थेंबभर. कुंचला धरलेला हात दोनदा खोडापर्यंत जाऊन मागे आला.

“शकुन, तुला काय वाटतं?”

त्यांनी कुंचला डब्यात ठेवला. “राहू दे.”

तेवीस झाडं तोडावीत, बाकीच्यांना बोर्डो मलम लावावं, पाण्याचा पाट वेगळा काढावा. एवढाच कागद.

“अन् रोग पसरला तं?” पंजाबरावांनी विचारलं.

बाबांनी कागदाखाली सही केली.

पुढची तीन वर्षं दर रविवारी ते पंजाबरावांच्या घरी फोन लावून पार्बताबाईला बोलावून घेत. “अठ्ठावन्न कसं आहे? पाणी दिलं?” तिचं “देल्लं ना सायेब” ऐकल्यावरच जेवायला बसत. पाहायला मात्र एकदाही गेले नाहीत.

बाबा वारल्यावर महिन्याने मी बागेत गेले. बाग बहरली होती. तोडलेल्यांच्या जागाही धरून मी ओळ मोजत निघाले. सत्तावन्नच्या पुढे मोकळी जागा होती.

“त्या साली तुमी झाडं पाहून गेले अन् दुसऱ्याच दिवशी तोडलं,” पार्बताबाई म्हणाली. “रोग मुळाले पोचला होता. सायबाचा हात पाह्यला होता मी. त्याईच्यानं झालं नसतं.”

“पंजाबकाकांना माहीत होतं?”

“कुऱ्हाड त्याईनंच चालवली. भगवंताले सांगू नको मने.”

मी खाली पाहिलं. झाड नव्हतं, पण त्याभोवतीचं आळं नीट राखलेलं होतं.

“ऐतवारी तेवढं भरो मी,” ती म्हणाली. “पाणी देल्लं का, इचारत ना ते. खोटं कसं बोलू?”

त्या दिवशीही रविवार होता. आळं ओलं होतं.