समुद्राखालचा दगड, आसेगावच्या बादलीत

मी दगड बोलतोय. गोल कापलेला, मुठीत सहज मावणारा. सध्या मुक्काम आसेगाव, तालुका मंगरूळपीर. माझं मूळ गाव मात्र समुद्राच्या तळाखाली, पार खोल.

मी वाळूतून घडलो. डोक्यावर चिखल साचला, त्याचा घट्ट थर झाला आणि माझ्या बारीक छिद्रांत गॅस येऊन राहिला. लाखो वर्षं सांभाळला हो मी तो! मग माणसं आली, भोक पाडलं, वीस-पंचवीस वर्षांत सगळा उपसून जाळला आणि वर म्हणाली, "हे क्षेत्र आता रिकामं झालं." फार लागलं मला ते.

माझा हा तुकडा मात्र योगिनीच्या प्रयोगशाळेत पोचला. उन्हाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि लागेल तेव्हासाठी आमच्या रिकाम्या पोटात साठवायचा, हे तिचं काम. हायड्रोजन भलता उनाड, फट दिसली की पळणारा. वर्षभर तिनं तो माझ्यात भरून पाहिला, काढून पाहिला. मला पुन्हा कामाचं केलं पोरीनं.

आता खऱ्या समुद्रावर पहिली चाचणी ठरली आणि योगिनीला तिथं जायचं होतं. तिची आई, चतुराबाई, नाही म्हणून बसल्या. त्यांचा थोरला भाऊ जगदेव ज्वारी काढायला पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या धान्याच्या कोठारात, उतरला होता. आधी कंदील सोडून हवा पाहायची असते; तो विझला तर उतरायचं नाही. घाईत त्यानं पाहिली नाही. कोंडलेल्या हवेनं तो आतच गेला. नऊ वर्षांच्या चतुराबाई वर टोपली धरून उभ्या होत्या.

आईची समजूत घालायला योगिनी मला घरी घेऊन आली. "आई, असा असते तो दगड." चतुराबाईंनी मला उचललं आणि थेट पाण्याच्या बादलीत बुडवलं, सायकलची ट्यूब तपासतात तसं. झालं! माझ्यातून बुडबुडे निघाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाह्य वं! हा तं गळून राह्यला! अन् याच्या भरोशावर तू समुद्रात चालली?"

"आई, हे पेवाचं पोट होय. पोटात जागा असन तवाच माल मावते. झाकण याच्या वर हाय, चिखलाच्या दगडाचं. इतकी वर्षं त्यानं गॅस जाऊ देला नाई."

"अन् कंदील?"

"तिथं कंदील नाई चालत, पेट घेईन. हवा हुंगणारं यंत्र हाय, गॅस सुटला का वाजते. अन् आत कोनी उतरतच नाई, आई. नुसती नळी जाते."

चतुराबाईंनी मला बादलीतून बाहेर काढलं.

"कोनीच नाई उतरत?"

"कोनीच नाई."

त्यांनी मला पदरानं पुसलं. "माह्या दादाले बी अशी नळी असती तं..." म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग डोळे कोरडे करून म्हणाल्या, "जाय. पण ते यंत्र वाजलं का तिथं थांबू नोको. अन् हा दगड माह्यापाशी राहू दे. वापस आली का घेऊन जाजो."

योगिनी काल गेली. मी कोनाड्यात आहे, जगदेवच्या जुन्या कंदिलाशेजारी. चतुराबाई येता-जाता मला हात लावून जातात.

समुद्राखालच्या माझ्या भावांनो, आपल्याला रिकामं म्हणाले, तो राग आता सोडा. पोरगी तुमच्या डोक्यावर उभी आहे. येईल ते घट्ट धरा रे बाबांनो. इथं तिची आई वाट पाहतेय.