स्लॅबला केळीचा टेकू

“अक्का, खरं सांगितलं तर तुम्हीच काय, कुणीच मानणार नाही,” असं म्हणत नशिराबादच्या फारुख मिस्त्रीने घण भिंतीला टेकवला. यावलच्या कस्तुराअक्काला मुलाच्या लग्नाआधी दोन खोल्यांची एक करायची होती. पण मधली भिंत स्लॅब पेलत होती आणि अक्काचा जीव खालीवर होत होता. फारुखजवळ लोखंडी टेकू नव्हते, पण काम हातचं जाऊ द्यायचंही नव्हतं.

“धुळ्याला एका लग्नघरी अशीच भिंत पाडली आणि स्लॅब खाली यायला लागला. मग मांडवाचे केळीचे खांबच खाली उभे केले. सकाळी पाहतो तर खांबांनी मूळ धरलेलं आणि स्लॅब वीतभर वर उचललेला! अजून त्यांच्या बैठकीत घड लागतात. पाहुण्याला चहाआधी केळं.”

अक्का छताकडे बघू लागली. फारुखने हळूच घण उचलला.

“खोटं शे, भाऊ!” अक्का ओरडली. “बाकी बठ्ठं मानलं असतं. पण धुळ्याला माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथे केळी जगल्या कशा? आधी लोखंडी टेकू आणा, मग भिंतीला हात लावा!”