बिननावाचं भांडं

आमच्या कॉर्निंगमध्ये, काचेच्या कारखान्याच्या या गावात, कुणाच्या घरचं माणूस गेलं की शेजारपाजारचे ओव्हन तापायला लागतात. माझी बायको मॉड जानेवारीत गेली, आणि बघता बघता माझ्या स्वयंपाकघरात काचेच्या भांड्यांची अशी रांग लागली की मला वाटलं, मी रिटायर झालोच नाही, परत कारखान्यात उभा आहे.

सगळी नोकरी मी तेच केलं. भट्टीतून निवत निवत आलेलं भांडं उचलायचं, दिव्यासमोर धरायचं, बुडबुडा दिसला किंवा रेघ दिसली की बाजूला. नापास. ही नापास भांडी कारखान्याच्या दुकानात कामगारांना स्वस्तात मिळायची. त्यामुळे बाहेरच्या जगात बायका रंग बघून, आकार बघून भांडी निवडतात, आणि जिथं ती बनतात त्या आमच्या गावात एकीकडेही धड भांडं नाही. सगळ्यांकडे तीच, सगळ्यांकडे सारखीच. म्हणून इथली प्रत्येक बाई भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर आपलं नाव लिहिते. चर्चच्या जेवणाला गेलेलं भांडं नाहीतर घरी कसं यायचं? आमच्याकडे नवरा हरवला तर चालतं, भांडं हरवलेलं चालत नाही.

माझी बहीण कोरा जवळच्या एल्मायराहून आली होती. तिनं रिकामी होतील तशी भांडी घासली, तळाची नावं वाचली आणि एकेक परत पोचवलं. रिकामं नाही, रिकामं भांडं परत करणं म्हणजे शेजारणीच्या तोंडावर दार आपटणं. कोरानं प्रत्येकात घरी केलेली बिस्किटं घातली. शेवटी टेबलावर एकच भांडं उरलं, सगळ्यात उशिरा रिकामं झालेलं, मी घासलेलं. लांबट, सरळ कडांचं, धरायला दोन कान. त्याच्या तळाला पट्टी नव्हती.

"नाव नाही रे," कोरा म्हणाली.

"पट्टी सुटली असेल घासताना."

"सुटली तर चिकटा राहतो. हे बघ, लख्ख आहे. जिचं आहे तिनं मुळात लावलीच नाही."

"नाव न लावणारी बाई कोण आहे या गावात?"

"मला काय विचारतोस? गाव तुझं. आयुष्य गेलं तुझं भांड्यांत, आणि एक भांडं ओळखता येईना?"

ते भांडं कुणी आणलं हे कुणालाच सांगता येईना. दफनाच्या दिवशी मागचं दार उघडंच होतं, बर्फाचे बूट घालून माणसं आत-बाहेर करत होती. कोरा म्हणाली, ती कॉफी करत होती तेव्हा ते टेबलावर आलेलं होतं. मी म्हणालो, मग आणणारी दिसली असेल. ती म्हणाली, दिसल्या खूप, पण कोटात सगळ्या सारख्याच दिसतात.

खरं सांगायचं तर भांड्याचं मला एवढं काही नव्हतं. माझा जीव अडकला होता तो त्यातल्या बटाट्यांत.

बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, कांदा, मधेमधे हॅमचे तुकडे. हे सगळ्याच करतात. पण मॉडच्या बटाट्यांची चव वेगळी होती. कशानं, ते मला कधी कळलं नाही. कुणी विचारलं की ती हसत सगळं सांगायची आणि एक जिन्नस गाळायची. घरी येऊन म्हणायची, "आता बसू दे तिला ढवळत." दफनाच्या दिवशी लोक आले-गेले, मला काही खाववेना. सगळे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, कोरानं त्यातले थोडे गरम करून पुढ्यात ठेवले. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मॉडचेच बटाटे. मॉडसारखे नव्हेत, मॉडचेच.

"काय झालं?" कोरानं विचारलं.

"काही नाही. मीठ बरोबर आहे."

माझं डोकंच चालेना. एवढी वर्षं जी गोष्ट तिनं मला सांगितली नाही, ती कुणाला सांगितली? आणि का? पुढचे काही दिवस मी रोज त्यातले थोडे थोडे खाल्ले आणि प्रत्येक घासाबरोबर माझा राग वाढत गेला. शेवटचे चार चमचे तर रेडिओवर हवामान ऐकता ऐकता संपवले, लक्षसुद्धा नव्हतं. मग भांडं भिजत घातलं आणि घासायला घेतलं. सगळं निघालं, एका कानाखाली तपकिरी डाग तेवढा राहिला, ओव्हनमध्ये पक्का झालेला. तारेनं घासला तरी हलेना.

सवयीनं मी ते खिडकीसमोर धरलं. त्याच कानाजवळ एक बुडबुडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कुठल्या आंधळ्यानं हे भांडं सोडलं, असं तोंडून निघालं. मग लक्षात आलं, सोडलेलं नसणार. नापास झालं म्हणूनच गावात राहिलं असणार. म्हणजे एवढंच कळलं की भांडं गावातलं आहे. वा, काय शोध लावला!

मॉड असती तर म्हणाली असती, "तू नापास करतोस, मी पास करते. चुलीला बुडबुडा दिसत नाही." मी दर थोड्या महिन्यांनी एखादं नापास भांडं घरी आणायचो, आणि तिचं हे वाक्य ठरलेलं.

तिला काचेचं भांडं मनापासून आवडायचं. माझ्या आईला नव्हतं आवडत. माझे वडील रेल्वेच्या कंदिलांच्या काचा करायचे. तापलेल्या काचेवर गार पाऊस पडला की ती तडकायची, म्हणून कारखान्यानं न तडकणारी काच काढली, आणि मग त्याच जातीच्या काचेची केक भाजायची भांडी निघाली. पहिलं भांडं वडिलांनी घरी आणलं तेव्हा मी कारखान्यात नुकता लागलो होतो. आई म्हणाली, "काच चुलीत घालू? तुमचं डोकं भट्टीत वितळलं काय?" शेवटी घातलं, पण आम्हा सगळ्यांना घेऊन ती बाहेर पडवीत जाऊन उभी राहिली. केक करपला, भांड्याला काही झालं नाही. त्यानंतर तिनं त्यात बटणं ठेवली.

मॉड मात्र ओव्हनसमोर उकिडवी बसून, बॅटरी हातात घेऊन भांड्याच्या खालून बघायची. "वरून सगळंच छान दिसतं, लेलँड. तळ बघावा लागतो." मी म्हणायचो, मी दिवसभर तळच बघतो, घरी तरी नको.

कोरा एल्मायराला परत गेली आणि मी भांडं काखेत मारून निघालो. आधी शेजारच्या व्हर्नाकडे. व्हर्ना आमच्या चर्चची नाही, बॅप्टिस्ट आहे, पण गावातल्या प्रत्येक ओव्हनमध्ये काय शिजतंय हे तिला वासावरून कळतं.

"अय्या, सापडलं का!" दार उघडताच ती म्हणाली. "माझंच ते. ये ना आत, लेलँड."

"तुझं? तुझं तर कोरानं परत दिलं ना, घेवड्याच्या बियांचं?"

"ते एक, हे एक. दोन आणली होती मी."

"मग यात काय होतं?"

तिनं भांड्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. "मॅकरोनी?"

"बटाटे होते."

"तेच म्हणतेय मी, बटाटे."

"व्हर्ना."

"बरं बाबा, नाही माझं! पण मालक मिळत नसेल तर मी काय वाईट आहे? माझं एक गेल्या उन्हाळ्यात फुटलं. गरम गरम काढून ओल्या ओट्यावर ठेवलं आणि फाटकन गेलं. तुमचा कारखाना म्हणतो तडकत नाही."

"ओल्या ओट्यावर ठेवायचं नसतं."

"ते मॉड म्हणाली. तू कधी सांगितलंस?" मग तिचा आवाज उतरला. "ती सगळं सांगायची रे. बटाट्यात काय घालते तेवढं सोडून."

म्हणजे व्हर्नालाही माहीत नव्हतं. मला थोडं बरं वाटलं आणि गोंधळ दुप्पट झाला. गल्लीतली सगळी घरं मी पालथी घातली. कुणी म्हणालं माझं नाही, कुणी म्हणालं असेलही, मुलीला विचारते. एकीनं मला बसवून ॲपल पाय खायला घातला आणि तासभर तिच्या गुडघ्याचं सांगितलं. लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की बिचारा, बायको गेली आणि हा भांडं घेऊन फिरतोय. फिरत तर होतोच. मला मॉडची कुणीतरी अशी मैत्रीण शोधायची होती, जिला तिनं मला न सांगितलेलं सांगितलं होतं. सापडली असती तर मी काय करणार होतो, भांडणार होतो की पुन्हा एकदा बटाटे करून दे म्हणून हात जोडणार होतो, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी कोराला फोन केला.

"टाक ना ते कपाटात," ती वैतागून म्हणाली. "देवदूतानं आणलं समज."

"देवदूत नापास माल वापरत नाहीत."

"मग चर्चमध्ये विचार. आयोन बियर्ड्सली तिथं स्वयंपाकघर सांभाळते ना? तिला नाही माहीत तर कुणालाच नाही."

चर्चचं स्वयंपाकघर तळघरात आहे. मी गेलो तेव्हा आयोनबाई कॉफीची मोठी किटली पुसत होत्या. आयोनबाई माझ्याहून वडील, सगळं गाव त्यांना दबून असतं. माझ्या काखेतलं भांडं बघून त्यांनी किटली खाली ठेवली.

"तुम्ही कशाला आणलंत, लेलँड? आम्हीच येणार होतो न्यायला, महिना झाल्यावर."

"म्हणजे हे तुमचं आहे?"

"कुणाचंच नाही. फ्रीझरचं आहे."

मला काही समजलं नाही. त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन एक भली मोठी पांढरी पेटी दाखवली, झाकण उघडलं. आत गोठलेली भांडी एकावर एक, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. मग त्या सांगायला लागल्या. चर्चच्या बायका दर शरदात एकेक भांडं भरून इथं ठेवतात, पुढं ज्याच्या घरी माणूस जाईल त्याच्यासाठी. या भांड्यांना नाव लावायचं नाही, असा नियम. ज्याच्यावर वेळ आलीय त्यानं कुणाचे आभार मानत, भांडी परत करत फिरू नये म्हणून.

"मी तेच करत फिरलो," मी म्हणालो.

"हे बायकांना माहीत असतं. पुरुषांना सांगायचं आमच्या लक्षातच येत नाही. मॉडनं नव्हतं सांगितलं?"

सांगितलं असेल. ती बोलत असायची, मी पेपर वाचत असायचो.

"मग हे कुणी भरलं?" मी विचारलं. "बटाटे कुणी केले? एवढं सांगा, मी जातो."

आयोनबाईंनी फ्रीझरचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मॉडनं," त्या म्हणाल्या. "सफरचंदांचा हंगाम संपला त्या आठवड्यात आणून दिले. भांडंही तिचंच. म्हणाली, घरी पुष्कळ पडलीत, आमचा हा नापास झालेली सगळी पोरं घरी आणतो."

मी खाली बसलो. खुर्ची होती का ते बघितलंही नाही, होती.

"पुढचा कोण असेल त्याच्यासाठी ठेवलेलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ती गेली तेव्हा फ्रीझर उघडला तर तेच सगळ्यात वर. आम्ही तिघी इथं उभ्या राहिलो. द्यावं की नाही, कळेना. द्यायचं तर सांगावं की नाही, तेही कळेना."

"सांगायला हवं होतं!" माझा आवाज चढला. "मी ते रेडिओ ऐकत संपवलं. शेवटचा घास कधी गिळला ते आठवत नाही मला. कळलं असतं तर..."

"कळलं असतं तर खाल्लं असतंत?"

नसतं खाल्लं. एक घाससुद्धा गेला नसता. तसंच ठेवलं असतं, बघत बसलो असतो, आणि सगळं नासून गेलं असतं. मॉडला अन्न टाकलेलं खपायचं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी अक्षरशः केलं होतं. तिनं तिचं गुपित कुणालाच दिलं नव्हतं. एवढे दिवस मी तिच्या कुठल्यातरी मैत्रिणीवर जळत होतो, आणि ती मैत्रीण कुठं नव्हतीच. मला हसू आलं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. आयोनबाईंनी कॉफी दिली, ती मी प्यायलो.

निघताना त्यांनी हात पुढं केले. "द्या ते. बर्फ वितळला की कुणीतरी भरून ठेवेल परत."

मी भांडं द्यायला उचललं. वरचा दिवा काचेतून आरपार आला. कानाजवळचा बुडबुडा दिसला आणि त्याच्या खालचा, मॉडच्या ओव्हनमधला तो तपकिरी डाग, मी तारेनं घासघासून काढायला बघत होतो तो. थोडा अजून जोर लावला असता तर गेलाही असता.

"हे नाही चालायचं," मी म्हणालो.

"का? काय झालंय त्याला?"

"दुसरं आणून देतो. घरी कपाटभर आहेत. बटाटे घालून आणतो, मला येतील तसे."

"अहो, पण हे चांगलं आहे की!"

"आयोनबाई, सगळी नोकरी मी हेच केलंय," मी म्हणालो आणि भांडं कोटाच्या आत घेतलं. "हे नापास आहे. नापास माल मी घरी नेतो."