दोन शेपट्यांचं विमान

रिठदच्या जानराव सुताराला त्र्याहत्तर सालच्या चैत्रात दोन शेपट्यांचं विमान दिसलं, आणि तेही नेमकं अशा वेळी, की गावात त्याच्या डोळ्यांबद्दल आधीच कुजबुज सुरू होती. मागच्या हंगामात त्याने केलेल्या एका तिफणीची पेरणी वाकडी निघाली होती. दोष बैल सांगत नाही, हाकणारा कबूल करत नाही. मग उरतो तो सुतार.

बहिणीला भेटायला तो अकोल्याजवळ शिवणीला गेला होता. तिथल्या विमानतळावर एरवी शेळ्या चरायच्या. त्या दिवशी तारेपलीकडे ते धूड उभं होतं. मध्ये ढेरपोट्या डबा, त्याच्या दोन्ही अंगांनी मागे गेलेल्या लांब दांड्या आणि दांड्यांच्या टोकांना जोडणारी आडवी पट्टी. पिकातलं तण काढायचा डवराच जणू! वर पाठीवर आणखी एक नळकांडं. फळी सरळ आहे का ते बघतात तसं जानरावाने आधी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. शेपटी एक पुरली असती, दोन कशाला केल्या असतील? तासभर तो तारेला चिकटून राहिला. बहिणीने वाढलेली भाकर थंड झाली.

गावी परतल्यावर त्याने हे पारावर सांगितलं. मारोतराव म्हणजे त्याचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. तोच आधी हसला.

"विमानाले दोन शेपट्या? जानराव, तुले एकाच्या दोन दिसून राह्यल्या!"

"अरे, एक डोया मिटून पाह्यलं तरी दोनच होत्या. एका डोयाले कशा दोन दिसतीन?"

पण हसणाऱ्या पाराला कोण समजावणार? रोग ओळखायला आपल्या गावांना डॉक्टर कधी लागला आहे! आठवड्याभरात मारोतरावाने निरोप धाडला की यंदा तिफण तो दुरुस्तीला रिसोडच्या सुताराकडे टाकणार. तो गेला की त्याच्यामागे अर्धं गाव जाणार, हे जानरावाला पक्कं ठाऊक होतं.

घरात तर त्याहून वाईट. संध्याकाळी तो हातपाय धुवायला गेला की बायको, गोजराबाई, त्याने दिवसभर केलेल्या कामावर गुपचूप दोरी ताणून ते सरळ आहे का बघायची. एकदा त्याने ते पाहिलं. गावाच्या हसण्यापेक्षा ती दोरी त्याला जास्त लागली. तेव्हापासून तिचं बघून होईपर्यंत तो दाराबाहेरच थांबायचा.

मग त्याने सावरीचं हलकं लाकूड काढलं आणि आठवेल तसं विमान कोरायला घेतलं. दांड्या, पट्टी, पाठीवरचं नळकांडंसुद्धा. येणारे-जाणारे थांबत, हसत आणि पुढे जात.

दहाव्या दिवशी देवमन आला. बौद्धपुऱ्यातला हा पोरगा फौजेत होता. सुटीवर आला होता आणि आईच्या जात्याला खुंटा बसवून हवा होता. ओट्यावरचं विमान त्याने उचललं आणि खुंटा विसरला.

"काका, हे तं आमच्या फौजेचं पॅकेट विमान! याच्या पोटात बसून मी लेहले गेलो. पाठीवरचं इंजिनबी टाकलं तुमी? नकाशा कुठून भेटला?"

"नकाशा कायचा? तारेतून पाह्यलं. मले एवढंच सांग, दोन शेपट्या कायले?"

"मांगून दार उघडते ना त्याचं. अख्खी जीप आत जाते."

जानराव मांडीवर थाप मारून उठला. "हात्तिच्या! मधात शेपटी ठेवली तं जीप जाईन कुठून? म्हणून दांड्या बाजूले नेल्या! अकलेचा सुतार असन बावा तो!" गावाने काय म्हटलं, मारोतराव कुठे गेला, सगळं विसरून तो करवत घेऊन बसला आणि डब्याच्या मागे दार कापू लागला.

देवमनने ही गोष्ट पारावर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतरावाची तिफण जानरावाच्या दारातल्या कडुलिंबाला टेकवलेली होती. मारोतराव मात्र बऱ्याच लांबून, बैलांवर ओरडत निघून गेला.

जानराव दिवसभर त्या तिफणीवर राबला. संध्याकाळी तो हातपाय धुवायला गेला, आणि परत येताना सवयीने दाराबाहेरच थबकला. गोजराबाईच्या हातात दोरी होती. तिफणीकडे तिने पाहिलंही नाही. बाजेवर चढून ती आढ्याला दोरी बांधत होती आणि दोरीच्या खालच्या टोकाला विमान लटकत होतं.

"तिथं काहून उभे राह्यले?" ती म्हणाली. "या आत. सरळ हाये का पाहा."